हळदीचा रंग अडवणारा पडदा

मामांचे हात भाजले, त्या दुपारी मी पुण्यात प्रयोगशाळेत काचेची भांडी धूत होते. आईचा फोन आला, पण तिला बोलताच येईना. मागून मामीचं रडणं ऐकू येत होतं. शेवटी शेजारच्या काकांनी फोन घेतला आणि म्हणाले, "पोरी, तू ये. मामाला नांदेडला नेऊन राहिलेत."

वडील गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. आई मला घेऊन माहेरी आली, कनेरगाव नाक्याजवळच्या गावात, आणि मी मामांच्या घरात वाढले. बारावीला विज्ञान घे म्हणणारे मामाच. स्वतः ते सातवीपर्यंत शिकलेले. वाशीम रस्त्यावर हळदीचा रंग काढणारा एक छोटा कारखाना होता, तिथं बारा वर्षं कामाला होते. हळदीची पूड अ‍ॅसिटोनमध्ये भिजवायची, रंग त्यात उतरला की गाळायचं, आणि मग ते सगळं मोठ्या बंद भांड्यात तापवून अ‍ॅसिटोन उडवून लावायचं. खाली उरतो तो घट्ट, गडद नारिंगी अर्क. ते तापवायचं भांडं मामांच्या ताब्यात असायचं. अ‍ॅसिटोनला ते 'सालवंट' म्हणत. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या अंगाला त्याचा गोडसर, डोक्यात जाणारा वास यायचा, आणि नखं तर कायमची पिवळी.

त्या दिवशी भांड्याच्या झाकणातून वाफ गळली आणि कुणीतरी मोटारीचं बटण दाबलं. ठिणगी पडली. सगळे बाहेर पळाले. मामा आत थांबले, कारण मागच्या बाजूला सालवंटचे भरलेले पिंप होते आणि तिकडं जाणाऱ्या नळीचा व्हॉल्व्ह उघडा होता. तापलेला व्हॉल्व्ह त्यांनी दोन्ही हातांनी फिरवून बंद केला. बाकी कुणाला काही झालं नाही.

नांदेडला मी पोचले तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत पट्ट्यांत होते. मला पाहून म्हणाले, "परीक्षा सोडून आली का काय?"

"परीक्षा नाही मामा आता. संशोधन आहे."

"मंग ते कोण करून राहिलं?"

मांडीची कातडी काढून हातांवर लावली. जखमा भरल्या, पण बोटं आखडली. मूठ वळेना. चहाचा कप ते दोन तळव्यांच्या मधे दाबून धरायला शिकले. विहिरीवरच्या मोटारीचं हिरवं बटण कोपरानं दाबायला लागले. सदऱ्याची बटणं मात्र मामीच लावून द्यायची, आणि तेवढा वेळ ते मान वळवून भिंतीकडं बघायचे.

तेव्हा माझ्या पीएच.डी.चं पहिलं वर्ष होतं. विषय होता सच्छिद्र पडदे. सेंद्रिय रेणू एकमेकांना जोडून त्यांची जाळी विणायची, अशी की तिच्यातली छिद्रं सगळी एकाच मापाची व्हावीत आणि त्यांतून लहान रेणू जावा, मोठा अडावा. मॅडमना, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांना, मी वायू वेगळे करावेत असं वाटत होतं. जगभर त्यालाच मागणी होती. मी परत गेले ती ठरवूनच. म्हटलं, मला हळदीचा रंग वेगळा करायचाय. अ‍ॅसिटोनचा रेणू लहान, रंगाचा त्याच्या कितीतरी पट मोठा. मधे बरोबर मापाचा पडदा असला तर नुसत्या दाबानं अ‍ॅसिटोन खाली उतरेल आणि रंग वर राहील. तापवायला नको, वाफ नको.

मॅडम म्हणाल्या, "भावनेच्या भरात विषय निवडू नये."

"भावना आहेच मॅडम, पण रेणूंची मापंही बरोबर बसतात."

त्यांनी मापं पाहिली आणि परवानगी दिली.

सुट्टीत घरी आल्यावर मामांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "चाळणीवानी?"

"हो. पण छिद्रं इतकी बारीक की सूक्ष्मदर्शकातूनही सहज दिसायची नाहीत."

"मंग पडलीत का न्हाईत हे तुला कसं कळन?"

"खाली काय येतं त्यावरून."

ते हसले. "कर. बराबर कर. त्या भांड्यापाशी आता दुसरा उभा राहून राहिला. त्याला दोन लेकरं हायेत."

दुसरा माणूस उभा राहतोय, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. त्यानंतर ते डोक्यातून जाईना.

पुढची तीन वर्षं कशी गेली ते सांगताना मला अजून लाज वाटते, कारण सांगण्यासारखं काही घडलंच नाही. पडदा करायची पद्धत अशी. काचेच्या पसरट भांड्यात खाली एक जड द्रव, त्यावर अलगद पाणी. एका जातीचे रेणू खालच्या द्रवात, दुसऱ्या जातीचे पाण्यात. दोन्ही द्रव जिथं टेकतात तिथंच ते एकमेकांना भेटतात, जोडले जातात आणि दुधावर साय धरावी तशी पातळ पिवळट पापडी धरते. तीन दिवस भांड्याला धक्का लागता कामा नये. आमच्या मजल्यावर लिफ्टची मोटार होती, ती सुरू झाली की पाणी थरथरायचं. मी भांडं जिन्याखालच्या खोलीत हलवलं. तिथं दार आपटायचं, म्हणून दाराला चिंध्या बांधल्या.

पापडी धरली तरी ती उचलायची कशी? चिमट्यानं धरली की फाटायची. आधाराचा कागद खालून सरकवून उचलली तर सुरकुती पडायची आणि त्या सुरकुतीतून रंग निसटायचा. न फाटता उचलली गेली तरी वाळताना तडकायची. स्टीलच्या भांड्यात पडदा कसून बसवायचा, वर हळदीच्या रंगाचं द्रावण ओतायचं, नायट्रोजनचा दाब द्यायचा आणि खाली धरलेल्या बाटलीकडं बघत बसायचं. थेंब यायचा. पिवळा. दर वेळी पिवळा. रेणू बदलले, पाण्यातलं आम्ल कमी-जास्त केलं, तीन दिवसांचे पाच केले. पिवळा. माझ्याबरोबरच्यांचे शोधनिबंध छापून आले, एक तर परदेशी गेली. मी वहीत 'फाटला' लिहायची, मग नुसता 'फा' लिहायला लागले.

तिसऱ्या वर्षाअखेरी मी जेवण टाळायला लागले होते. खानावळीत भाजीला हळदीचा रंग दिसला तरी ताट सरकवून उठायची. आई फोनवर विचारायची, "काहून बोलून न्हाई राहिली?" मी म्हणायची, काम आहे. खरं तर त्या वेळी मी खोलीत नुसती बसलेली असायची. शिष्यवृत्तीचे चार महिने उरले होते.

आणि मग एक दिवस थेंब पाण्यासारखा आला.

मी बाटली उजेडात धरली. पांढरा कागद मागं धरला. रंग नाही. यंत्रावर तपासलं, तिथंही रंगाची खूण नाही. पंधरा मिनिटं प्रयोग चालवला, सगळे थेंब स्वच्छ. दुसरा पडदा केला, तोही तसाच. मी धावत मॅडमच्या खोलीत गेले. त्या खुर्चीतून उठल्या आणि त्यांनी मला जवळ घेतलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. दोन आठवड्यांत आम्ही निबंध लिहून एका नियतकालिकाकडं पाठवला.

मी मामांना फोन केला. "झालं मामा!"

ते म्हणाले, "मालकाला सांगू का?"

मला म्हणता आलं असतं, थांबा. मी म्हणाले, "सांगा. मी येते, दाखवते."

पुण्याहून ट्रॅव्हल्सनं निघाले. मांडीवर पिशवी, पिशवीत स्टीलचं भांडं आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, वाळून तडकू नयेत म्हणून अल्कोहोलमध्ये बुडवलेले, तीन पडदे. सकाळी वारंगा फाट्यावर उतरले. तिथून एसटीनं हिंगोली, हिंगोलीहून कारखाना. मामा फाटकाशी उभे होते. धुतलेला सदरा, डोक्यावर नवी टोपी. अपघातानंतर ते पहिल्यांदाच तिथं आले होते.

मालक माणूस सज्जन. त्यांनी टायरवाल्याकडून नायट्रोजनचं सिलिंडर मागवून ठेवलं होतं, तापवायच्या भांड्यापासून लांब अंगणात टेबल मांडलं होतं. कामावरचे पाच-सहा जण गोळा झाले. मामांच्या जागी आलेला माणूसही होता, तिशीतला, अंगानं बारीक. मी पडदा बसवला. वर मालकांनी स्वतः गाळलेलं, अजून न आटवलेलं हळदीचं सालवंट ओतलं, आमच्या प्रयोगशाळेतल्या द्रावणापेक्षा कितीतरी दाट, तांबूस. दाब दिला.

पहिला थेंब पाण्यासारखा. दुसरा, तिसराही.

"अरे वा!" मालक म्हणाले. "क्या बात है ताई!"

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी मामांकडं पाहिलं. मला वाटलं ते बाटलीकडं बघत असतील. ते वरच्या भांड्याकडं बघत होते. भांड्याला पातळी दिसायला काचेची छोटी खिडकी होती, तिच्याजवळ त्यांनी डोळा नेला होता.

"माय," ते हळूच म्हणाले, "वरचं घट्ट का व्हऊन न्हाई राहिलं?"

"म्हणजे?"

"सालवंट खाली गेलं म्हंजी वरचा रंग गडद व्हायला पायजे. आटवताना व्हतो तसा. इतकं खाली उतरलं, आन् वरचं तर उलटं फिकं पडून राहिलं."

मी खिडकीतून पाहिलं. ते बरोबर होते. त्या क्षणी मला सगळं कळलं, पण कळलेलं मानायला मी तयार नव्हते. मी म्हणाले, "थोडा वेळ जाऊ द्या."

दहा-बारा मिनिटांनी थेंब जरासा लिंबाच्या रंगाचा आला. पुढचा त्याहून पिवळा. मग धार लागली ती वरच्यासारखीच तांबूस.

"पिवळं आलं की हो ताई," मालक म्हणाले. त्यांच्या आवाजात टोचणी नव्हती, म्हणून तो आणखी लागला. मी दुसरा पडदा बसवला. तेच. तिसरा. तेच. हळूहळू माणसं कामाला गेली. मामांच्या जागेवरचा तो माणूस सगळ्यात शेवटी गेला. तापवायच्या भांड्यापाशी जाऊन उभा राहिला.

पडदा रंग अडवत नव्हता, पीत होता. रंगाचे रेणू छिद्रांच्या भिंतींना चिकटून बसत होते. प्रयोगशाळेत द्रावण पातळ, प्रयोग पंधरा मिनिटांचा. तेवढा रंग सहज मुरला. पोट भरलं की पुढचा सगळा खाली. वर काय उरतंय ते मी एकदाही मोजलं नव्हतं. पहिल्या वर्षाच्या मुलानंही करायला हवी अशी ती तपासणी. स्वच्छ थेंबासाठी मी इतकी आसुसलेली होते की खालीच बघत राहिले.

मी मामांबरोबर घरी आले. मामीनं जेवायला वाढलं. मी म्हणाले, "मामा, मी तुम्हाला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलं."

"मला काय झालं?" ते म्हणाले. मग म्हणाले, "त्या भांड्यावाल्याला वाटलं असन, सुटलो. त्याच्या तोंडाकडं पायलं का तू?"

पाहिलं होतं.

दोन दिवसांनी पुण्याला परत जायचं म्हणून हिंगोलीच्या बसस्टँडवर आले. गाडी लागली, मी चढले नाही. दुसरी लागली, तीही गेली. तिसरी गेली तेव्हा बाकावरच्या म्हातारीनं विचारलं, "कुठं जायचं हाय बाई?" मी 'पुण्याला' म्हणाले आणि बसूनच राहिले. त्याच बाकावर असताना मॅडमचा निरोप आला. नियतकालिकानं निबंध स्वीकारला होता. किरकोळ दुरुस्त्या करा, लगेच छापतो. खाली मॅडमनी लिहिलं होतं, 'शाब्बास.' मी फोन उलटा करून मांडीवर ठेवला आणि तोंडावर ओढणी घेऊन रडले.

चौथ्या गाडीनं गेले. जाताच पहिला तो प्रयोग केला जो आधी करायला हवा होता. वरचं मोजलं, खालचं मोजलं. दोन्हीची बेरीज मूळ रंगाइतकी भरेना. वापरलेला पडदा काढून स्वच्छ अल्कोहोलमध्ये टाकला. तासाभरात ते अल्कोहोल केशरी झालं. ती बाटली घेऊन मी मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि काय झालं ते सांगितलं.

त्यांनी बाटली बाजूला सरकवली.

"आपण निबंधात काय लिहिलंय? पंधरा मिनिटांच्या प्रयोगात खाली रंग आला नाही. हे खोटं आहे का?"

"नाही."

"मग?"

"आपण त्याचं कारण लिहिलंय, की छिद्रांच्या मापामुळे रंग अडतो. ते खोटं आहे."

"तुला कळतंय का तू काय मागते आहेस? तुझी शिष्यवृत्ती संपतेय. माझ्या प्रकल्पाचा अहवाल याच निबंधावर उभा आहे. आणखी दोन मुलींचं काम त्यावर आहे."

मला ते कळत होतं. नऊ दिवस मी काहीच केलं नाही. दुरुस्त्यांची फाइल उघडायची, बंद करायची. स्वतःशी वाद घालायची. पुढच्या निबंधात दुरुस्त करू, सगळेच असं करतात, पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा मिनिटं. प्रत्येक युक्तिवाद मला पटायचा, पंखा बघत पडून राहिले की पुन्हा उलटायचा. मला वाटायचं, कुणीतरी परका माणूस हा निबंध वाचून आपल्या कारखान्यात असा पडदा लावील, आणि त्याच्याकडं वरच्या भांड्यात डोकावणारे मामा नसतील. दहाव्या दिवशी मी निबंध मागं घेण्याचं पत्र लिहिलं आणि सहीसाठी मॅडमकडं नेलं. त्यांनी ते आठवडाभर ठेवून घेतलं. मग सही करून परत दिलं.

"तुझं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण आत्ता मला तुझ्याशी बोलायचं नाहीये."

वर्षभर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. शिष्यवृत्ती संपली. मी हिंगोलीला आले, एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायला लागले आणि सुट्ट्यांत पुण्याला जाऊन प्रबंध पुरा केला. त्याचा विषय बदलला. पडदा रंग कसा वेगळा करतो याऐवजी, तो वेगळा करतोय असं का वाटतं आणि ते कसं ओळखायचं, यावर लिहिलं. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक म्हणाले, "एवढ्या वर्षांनी तुमच्या हातात एकही चालणारा पडदा नाही." मी म्हणाले, "नाही, सर." त्यांनी मान हलवली. पदवी दिली. मामा शेवटच्या रांगेत बसले होते. नंतर त्यांनी विचारलं, "साहेब रागावला व्हता का?"

कारखान्यात भांडं अजून तापतं. मी आणि मामा मालकांच्या मागं लागून मोटारीच्या बटणांची पाटी तेवढी भिंतीबाहेर हलवून घेतली, झाकणाचं रबर दर हंगामाला बदलायला लावलं. तो बारीक माणूस अजून तिथंच आहे. रस्त्यात भेटला तर नमस्कार करतो आणि काही विचारत नाही. त्यानं विचारलं तर बरं होईल असं कधीकधी वाटतं.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एक कोपरा मला दिलाय. शनिवारी दुपारी मुलं गेली की मी पडदे करते. रंग चिकटू नये म्हणून छिद्रांच्या भिंतीवर वेगळे रेणू लावायचे, असा आता प्रयत्न आहे. मागच्या महिन्यात मॅडमचा अचानक फोन आला. दहा मिनिटं आम्ही त्याच रेणूंबद्दल बोललो, बाकी कशाबद्दलच नाही. ठेवताना म्हणाल्या, "वरचं मोजतेस ना?" मी हो म्हणाले.

तळहाताएवढा पडदा झाला तरी कारखान्याला तो अंगणाएवढा लागणार, हे मला माहीत आहे. मामांनाही आता माहीत आहे. तरी रविवारी विचारतात, "कुठवर आलं?"

या महिन्यात तीन पडदे धरले. दोन उचलतानाच गेले. तिसरा अल्कोहोलमध्ये बुडवून कपाटात ठेवलाय, वरून तरी अखंड दिसतो. तीन शनिवार झाले, मी तो अजून भांड्यात बसवलेला नाही. मामांना सांगितलंय, वेळ मिळाला नाही.